आठव्या प्लॉटची रुंदी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. आमच्या घराची रस्त्याकडील रुंदी : अडतीस फूट दोन इंच. कागदावर ती तीस फूट आहे.

मोजण्याची ही वेळ मी विचारपूर्वक निवडली होती. पोलादी टेप उन्हात किंचित लांबते. शिवाय सकाळी सहा वाजता आमच्या गल्लीत प्रश्न विचारणारे कोणी नसते. चितेगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथे मोजमापाची साधने तपासणे हेच माझे काम आहे. एखादी पट्टी, एखादा गेज कितपत विश्वासार्ह आहे हे ठरवायचे आणि त्यावर तारखेची चिठ्ठी लावायची. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन चार वर्षे मी लोकांची साधने तपासली. ज्या घरात वाढले ते मात्र कधी मोजले नव्हते. आता ते विकायचे होते, आणि खरेदीखताच्या मसुद्यात चतुःसीमा लिहायच्या होत्या. वकिलीणबाईंनी जुन्या कागदावरून सगळे उतरवून घेतले होते. मी फक्त पडताळणी करत होते.

घर हर्सूलच्या अलीकडे, गुंठेवारीतल्या एका वसाहतीत आहे. एका शेतकऱ्याने आपल्या शेताचे तुकडे पाडले, बॉन्ड पेपरवर विकले, लोकांनी घरे बांधली आणि पुष्कळ नंतर ती घरे नियमित झाली, अशी आमच्या भागातल्या बहुतेक गल्ल्यांची जन्मकथा. आमच्या रांगेत आठ प्लॉट आहेत. पहिला डांबरी रस्त्याला लागून. आठवा, म्हणजे आमचा, शेजारच्या शेताच्या दगडी बांधाला लागून. प्रत्येक प्लॉट कागदावर तीस फूट रुंद. घर आणि बांध यांच्यामध्ये आमची एक मोकळी पट्टी आहे, नऊ फूट चार इंचांची. तिथे आईची कढीपत्त्याची दोन झाडे, पाण्याची पिंपे आणि वडिलांची सायकल असते.

विकण्याचे कारण आईचे गुडघे. आमच्याकडे पाणी येते ते आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी पिंपे भरणे, उपसणे, वर चढवणे तिला आता जमत नव्हते. उस्मानपुऱ्यात एक जुना पण नीट ठेवलेला फ्लॅट मिळत होता. लिफ्ट होती, टाकी होती आणि फ्लॅटमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होते. जानेवारीत मला संशोधनासाठी बंगळूरला रुजू व्हायचे होते. त्याआधी आईला त्या फ्लॅटमध्ये बसलेली पाहायची, एवढे एकच उद्दिष्ट मी डोळ्यांसमोर ठेवले होते आणि त्यासाठी हे घर जाणे आवश्यक होते.

घ्यायला तयार असलेल्या बाई एका दवाखान्यात परिचारिका आहेत. आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांच्या यजमानांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत, आणि भाड्याचे घर दुसऱ्या मजल्यावर. सिस्टर आमच्या घरात आल्या तेव्हा खोल्या त्यांनी पाच मिनिटांत पाहिल्या आणि त्या पट्टीत अर्धा तास उभ्या राहिल्या. इथे उतार बांधायचा, तिथे मोठे न्हाणीघर, असे त्या स्वतःशीच हातवारे करत होत्या. दलाल मध्येच म्हणाला, "कागद पे तीस है मॅडम, जागे पे अडतीस. ऐसा कोन देता? फायदाइच फायदा."

सिस्टर म्हणाल्या, "जागेवर जास्त का आहे पण?"

"क्या पूछते मॅडम. नशीब है उनका."

 वडिलांनी कढीपत्त्याचे एक वाळके पान तोडले.

जागेवर जास्त का आहे, हा प्रश्न आमच्या घराला नवा नव्हता. त्याचे एक उत्तर गल्लीत पंचवीस वर्षे प्रचलित होते, आणि ते देणारे आमच्या शेजारी, सातव्या प्लॉटवर राहतात. ते शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान आहे. सगळी गल्ली त्यांना टेलरकाका म्हणते. प्लॉट पाडले त्या दिवशी शेतकऱ्याने दोराचे एक टोक स्वतः धरले होते आणि दुसरे टोक धरले होते माझ्या वडिलांनी, कारण गिऱ्हाइकांपैकी त्या दिवशी तेवढेच एकटे हजर होते. आठ प्लॉट मोजून झाल्यावर शेवटी नऊ फूट उरले, तेही नेमके वडिलांच्या प्लॉटच्या अंगाला. शेतकरी म्हणाला, उरलंय ते तुमचंच समजा. वडिलांनी कुंपण घातले.

"ज्यानं दोर ढिला धरला, त्याच्या पदरात उरलं," हे टेलरकाकांचे वाक्य. पहिल्यांदा ते एका लग्नाच्या मांडवात बोलले असे आई सांगते. त्या दिवसापासून दोन्ही घरांतले बोलणे बंद आहे. कोर्टात कोणी गेले नाही, मोजणीचा अर्ज कोणी केला नाही. दोन पुरुष दोन अंगणांमधल्या कुंपणाच्या दोन बाजूंना दात घासत राहिले. वडील शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक होते. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या हातात ब्युरेट दिले, वाचन नीट घ्या म्हणून सांगितले. त्या माणसाला मापात लबाडी केली असे म्हणणे म्हणजे काय, हे मला लहानपणीही कळत असे.

म्हणून त्या रविवारी अडतीस फूट दोन इंचांवर मी थांबायला हवे होते, पण थांबले नाही. कुंपण घातलेली पट्टी वगळली तर मूळ प्लॉट, म्हणजे दोराने आखलेला भाग, भरत होता अठ्ठावीस फूट दहा इंच. तीस नव्हे. आम्हाला पट्टी जास्त मिळाली हे सगळ्यांना ठाऊक होते. आमचा मूळ प्लॉटच चौदा इंच कमी आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी टेप उचलली आणि रस्त्याकडेने पुढे गेले. टेलरकाकांचे घर अठ्ठावीस फूट अकरा. सहावे अठ्ठावीस दहा. पाचवे अठ्ठावीस नऊ. चौथ्या घरासमोर एक आजी सडा टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं, ड्रेनेजचं आलं का?" मी हो म्हटले. खोटे बोलण्यात माझी ती त्या प्रकरणातली पहिली आणि एकमेव कामगिरी. पहिल्या घरापर्यंत पोचले तेव्हा वहीत आठ आकडे होते आणि सगळे दोन इंचांच्या आत.

इथे मला थोडे सविस्तर लिहायला हवे. दोर कोणी ढिला धरला असता तर एका प्लॉटला चार इंच चुकले असते, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला काहीच नाही. हात थकतो, वारा येतो, समोरचा माणूस ओढतो. लबाडी इतकी एकसारखी करता येत नाही. आठही वेळा जवळपास तेवढीच चूक झाली असेल तर ती हाताची नसते, साधनाची असते. हे मी रोज पाहते. प्रश्न राहिला तो दोराचा.

मागच्या गल्लीतली रांग त्याच शेतकऱ्याने, त्याच दोराने आखली होती. सोमवारी कामावर निघण्यापूर्वी मी तीही मोजली. तिथे तीसला तीस. इंच इकडे, इंच तिकडे. म्हणजे दोराची गाठ योग्य ठिकाणी होती. मग दोर बदलला कशाने?

संध्याकाळी मी आईला विचारले, प्लॉट मोजले तो दिवस तिला आठवतो का.

"न आठवायला काय झालं. श्रावणातली झड लागली होती चार दिवस. हे घरी आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी चिखलातच राह्यली. मी म्हणलं, प्लॉट घेऊन आले का चप्पल देऊन आले?"

"आणि मागची रांग?"

"ती उन्हाळ्यातली. अक्षय तृतीयेच्या अंगची. का गं?"

मी फोन काढून दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

शहागंजात एका दोरखंडवाल्याकडे, पूर्वी शेतकरी वापरत तसा, अंबाडीचा दोर अजून मिळतो. त्याच संध्याकाळी मी चाळीस फूट घेतला. गच्चीवर ताणून, तीस फुटांवर गाठ मारून, रात्रभर टबात भिजत ठेवला आणि सकाळी तेवढ्याच ताणाने पुन्हा मोजला. अंबाडीच्या धाग्याला पाणी लागले की तो फुगतो. धागा फुगला की पीळ आवळतो, आणि पीळ आवळला की दोर आखूड होतो. वाचले होते, पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. अठ्ठावीस फूट अकरा इंच. गल्लीच्या सरासरीशी एक इंच जुळत नव्हता. नवा दोर, वेगळा पीळ. तेवढी तफावत मी कारखान्यातही मान्य केली असती.

त्या सकाळी गच्चीवर मला जो आनंद झाला तो फार तर दहा मिनिटे टिकला. वडील निर्दोष होते. पंचवीस वर्षांनी कोणीतरी ते आकड्यांनी सिद्ध केले होते, आणि ते कोणीतरी मी होते. मग मी वहीत सरळ रेघ ओढली, तिच्यावर कागदावरचे आठ प्लॉट आखले, खाली जागेवरचे आठ आखले, आणि पेन खाली ठेवले.

कागदाप्रमाणे आठवा प्लॉट बांधाला टेकतो. म्हणजे ती पट्टी, जिला सगळे फुकटात मिळालेली म्हणत होते, ती कागदावर आमचीच होती. जास्तीची होती ती दुसऱ्या अंगाची जागा. प्रत्येक प्लॉट चौदा इंचांनी आखूड पडला म्हणून प्रत्येक घर डांबरी रस्त्याकडे थोडे सरकले होते: दुसरे चौदा इंच, तिसरे अठ्ठावीस, आणि असे करत करत आमचे आठ फूट दोन इंच. टेलरकाकांच्या बाजूचे आठ फूट दोन इंच. त्या मापात आमचे सबंध स्वयंपाकघर येते. शासनाची मोजणी आली तर हद्दीची रेघ आमच्या ओट्याच्या आणि बैठकीच्या मधल्या भिंतीवरून जाईल, आणि ओट्याची बाजू सातव्या प्लॉटची ठरेल.

वडिलांना निर्दोष ठरवणारा पुरावा आणि घराचा दोष दाखवणारा पुरावा एकच होता. एक बाहेर काढून दुसरा आत ठेवता येत नव्हता.

मी त्याच दुपारी वकिलीणबाईंकडे गेले. त्यांचे कार्यालय उस्मानपुऱ्यातच, आम्ही घेणार होतो त्या फ्लॅटपासून दोन गल्ल्यांवर. त्यांनी माझी वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आज सकाळपासून."

"मग आज सकाळपासून सांगणं तुमच्यावर आलं. घेणाऱ्याला नुसतं बघून जे कळू शकत नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक आहे, ते त्यानं सांगायचं असतं. गळकं छत घेणाऱ्याला दिसतं. ही रेघ कोणाला दिसणार?"

"आणि मी मोजलं नसतं तर?"

"तर तुम्हाला माहीत नसतं." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही मोजलं."

मसुद्यातले कलम त्यांनी मला वाचून दाखवले: सदर मिळकतीच्या हद्दीबाबत कोणताही वाद अथवा दोष नसून लिहून देणार यांनी कोणतीही बाब लपवून ठेवलेली नाही. लिहून देणार म्हणजे माझे वडील. रविवारी सिस्टर इसारपावती करायला येणार होत्या.

घरी मी सगळे सांगितले. वडिलांनी दोराचा भाग दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मान थोडी वर केली होती. मग मी स्वयंपाकघरापर्यंत आले आणि ती मान पुन्हा खाली गेली.

"म्हणजे ढिला धरला नव्हता म्हणून सुटलो, अन् आठ फूट दाबले म्हणून अडकलो. व्हय ना?"

"दाबले नाहीत, पप्पा. सरकले."

"कोर्टात सरकले म्हणतात का दाबले म्हणतात?"

आई पोळ्या लाटत होती, ज्या जमिनीविषयी आम्ही बोलत होतो तिच्यावरच उभी राहून. ती लाटणे न थांबवता म्हणाली, "तू मोजलंसच कशाला, बाई? इतकी वर्षं घर उभं हाय. कुणाच्या अंगावर पडलं का?"

"सिस्टर उद्या मोजतील तर?"

"त्या बीपी मोजतात. घर कशाला मोजतील?"

वडील हसले नाहीत. "त्यांना काही सांगायचं नाय," ते म्हणाले. "त्या गेल्या तर दुसरं गिऱ्हाईक महिन्यात मिळत नाही. फ्लॅट जाईल. तू जाशील बंगळूरला. अन् ही इथं पिंपं उपशील."

हे खरे होते. माझ्या वहीत त्याला खोडून काढणारा एकही आकडा नव्हता. पुढचे दोन दिवस मी काय केले ते सांगायला मला संकोच वाटतो: मी पुन्हा मोजले. बुधवारी सकाळी, गुरुवारी सकाळी, टेप बदलून, दिशा बदलून. कुठेतरी माझी चूक निघावी आणि रेघ ओट्यावरून हटावी, अशी इच्छा धरून मी आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप घेत होते. चूक निघाली नाही. झोपेत मला दोन-दोन प्लॉट एकमेकांवर सरकताना दिसत. बसमध्ये पैठण रस्त्याच्या खांबांमधली अंतरे मी मोजत असे.

शुक्रवारी संध्याकाळी मी टेलरकाकांच्या दुकानात गेले. त्या उंबऱ्यात मी कधीच पाय ठेवला नव्हता. ते एका सदऱ्याची बाही उसवत होते. वर न बघताच म्हणाले, "रोज पहाटं टेप घेऊन फिरतीस म्हणे. ड्रेनेजवाल्यांनी नोकरी दिली का काय?"

"काका, प्लॉट मोजले तो दोर तुम्ही पाहिला होता का?"

"पाह्यला होता. पार पिळून काढावा असा भिजलेला होता. का?"

"तो भिजलेला होता म्हणूनच आखूड झाला."

मी पुढे बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. बाही खाली ठेवली. त्यांनी भिंतीवरच्या फूटपट्टीकडे पाहिले.

"आटला," ते म्हणाले. "म्हणजे आटला तो."

"हो."

"लई येड्यासारखं झालं गं पोरी. मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, सुती कापड आधी पाण्यात टाक, वाळव, मग बेतू. नायतर पैल्या धुण्यात बोटभर वर जाईल. चाळीस वर्षं सांगतोय." त्यांनी चष्मा पुसला. "अन् दोर माझ्या डोळ्यांदेखत भिजला, तर मी माणसाला धरलं."

मी वही उघडली आणि दोन रेघा दाखवल्या. ते शिंपी असल्याने मला काहीच समजावावे लागले नाही. चौदा इंच सातदा जोडून बोट त्यांनीच आमच्या स्वयंपाकघरावर ठेवले.

"म्हणजे तुमचा फ्रीज माझ्या घरात."

"कागदावर."

"तुझ्या आईनं पंचवीस वर्षं माझ्या घरात सैपाक केला अन् एक दिवस वाटीभर भाजी दिली नाय." मग बोट पुढे सरकले. "अन् माझं हे मशीन?"

"सहाव्याच्या प्लॉटमध्ये."

"अन् सहाव्याचं देवघर पाचव्यात." ते हसू लागले, आणि मध्येच थांबले. "म्हणजे कुणी कुणाला उठ म्हणायचं नाय. मी तुमच्याकडं बोट केलं की सहाव्यानं माझ्याकडं केलंच. आपल्या भिंती जिथं हायत तिथंच हद्द, असं सगळ्यांनी लिहून द्यायचं. मी देतो सही."

"सगळ्यांनी द्यायला हवी, काका. आणि पहिला देईलच असं नाही."

हाच तो भाग होता ज्याच्यामुळे मला झोप येत नव्हती. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येक घर कोणाच्या तरी जागेत होते, म्हणून प्रत्येकाला गप्प राहण्याचे कारण होते. पहिले घर मात्र कोणाच्याच जागेत नव्हते. त्याचे चौदा इंच गेले होते आणि त्याने कोणाचे काहीच घेतले नव्हते. त्याने मोजणी मागितली तर त्याचे काहीही जाणार नव्हते, आणि एकदा पहिली भिंत हलली की शेवटपर्यंत सगळ्या रेघा हलणार होत्या. त्या घराचे मालक पुण्याला असतात. भाडेकरू बदलतात, मालक कोणी पाहिलेला नाही. संमतीपत्राच्या कागदावर सर्वांत महत्त्वाची सही अशा माणसाची होती ज्याला यातले काहीच माहीत नव्हते.

"त्याला फोन करतो मी," टेलरकाका म्हणाले. मग उसवलेली बाही पुन्हा उचलून, "तुझ्या बापाला सांग. दोर आटला होता म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"आता पंचवीस वर्षांची सवय मोडायला लावतीस व्हय."

शनिवारी सकाळी मात्र दोघेही नेहमीप्रमाणे कुंपणाच्या दोन बाजूंना दात घासत असताना मी पलीकडून आवाज ऐकला. "दोर आटला होता म्हणे." वडिलांनी चूळ भरली. ती टाकली. "मी कुठं म्हणत होतो नव्हता आटला," ते म्हणाले आणि आत आले. चहा त्यांनी त्या दिवशी दोनदा मागून घेतला. 

रविवारी अकरा वाजता सिस्टर आल्या. या वेळी त्यांनी यजमानांना आणले होते. रिक्षावाला आणि वडील यांनी मिळून खुर्ची फाटकातून आत घेतली. पुढच्या दोन पायऱ्यांपाशी ती अडली. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, इथेच पट्टीत बसू या, यांनाही बघू दे. आईने सतरंजी अंथरली. वकिलीणबाईंनी पाठवलेली फाईल मी मधे ठेवली. मसुद्याच्या खाली, शेवटचे पान म्हणून, मी माझा तक्ता लावला होता: दोन रेघा, आठ प्लॉट, आठ मापे, भिजलेल्या दोराचे वाचन. ते पान तिथे आहे हे मी वडिलांना सकाळी सांगितले होते. तुम्ही नाही दिलंत तर मी देईन, हेही सांगितले होते. त्यावर ते सायकल पुसायला गेले होते.

वडिलांनी चष्मा लावून मसुदा वाचायला घेतला. ते प्रत्येक ओळीखाली बोट फिरवून वाचतात. हद्दीच्या कलमापाशी बोट आले आणि थांबले. आई माझ्याकडे पाहत होती. मी कढीपत्त्याकडे पाहत होते, आणि मनात एकेक सेकंद मोजत होते, तोही निरुपयोगीच आकडा. अठरापर्यंत आले तेव्हा वडिलांनी मसुदा बाजूला ठेवला आणि खालचे पान काढून सिस्टरच्या हातात दिले.

"हे आधी वाचा," ते म्हणाले. "आमचं स्वयंपाकघर शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये हाय. कागदावर. आमालाही आता कळलं."

दलाल उभाच होता. तो हळूच म्हणाला, "कायको बोले साब," आणि फाटकाकडे गेला.

सिस्टरनी ते पान एखाद्या रुग्णाचा तक्ता वाचावा तसे वाचले: आधी आकडे, मग तारीख, मग पुन्हा आकडे. त्या माझ्याकडे वळल्या.

"पहिल्या घरवाल्याला माहीत आहे?"

"टेलरकाकांनी काल फोन केला. त्यांनी उचलला नाही."

"त्यानं मोजणी मागितली तर?"

"तर रेघ ओट्याच्या मागच्या भिंतीवर येईल. सातव्या घराची संमती आम्ही लेखी घेतो आहोत, बाकीच्यांचीही मिळेल असं वाटतं. पहिल्याची सांगता येत नाही."

"किती शक्यता?"

हा प्रश्न मला कोणी विचारला की बरे वाटते, कारण उत्तर देता येते. त्या दिवशी देता आले नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "आकडा सांगितला तर तो मनचा असेल."

सिस्टरचे यजमान इतका वेळ ऐकत होते. त्यांचे बोलणे अर्ध्या ओठांतून येते, त्यामुळे ते शब्द निवडून वापरतात. ते म्हणाले, "म्हणजे... जेवण... शेजाऱ्याकडं." आई पदर तोंडाला लावून हसली आणि लगेच गंभीर झाली.

"अन् ही पट्टी?" सिस्टरनी विचारले. "हिच्यावर कोण येणार?"

"कोणीच नाही. सगळ्या रांगेत बिनवादाची जागा हीच. कागदावरही घराची आणि ताब्यातही."

 सिस्टरनी पान घडी करून पर्समध्ये ठेवले, फाईल बंद केली आणि वडिलांकडे सरकवली. वडिलांनी ती घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षा संपल्यावर येतो तसा एक सभ्यपणा आला होता. आईने चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली. उस्मानपुऱ्याचा फ्लॅट माझ्या डोळ्यांसमोरून मजल्यामजल्याने खाली उतरत होता.

"आज सही करत नाही," सिस्टर म्हणाल्या. "हे कलम बदलून आणा. जे आहे ते सगळं त्यात लिहा, स्वयंपाकघर, पहिलं घर, दोर. मला सांगितलं असंही लिहा. मग वाचते." त्या उठल्या, साडीची धूळ झटकली. "ओटा उद्या इकडे हलवावा लागला तर हलवता येईल का, ते बघायचं आहे. उतार, न्हाणीघर आणि ओटा, तिन्ही या पट्टीत बसतात का. टेप आहे ना तुमच्याकडे?"

टेप माझ्या खिशातच होती. आठवडाभर मी ती घरी ठेवलीच नव्हती.

वडील पुढे झाले. त्यांनी पिंपे बाजूला लोटली, सायकल बांधाला टेकवली आणि खडूचा एक तुकडा कुठूनतरी आणला. सिस्टरनी खुर्चीचे हँडल धरले आणि यजमानांना त्या मोकळ्या जागेच्या मधोमध नेले. खुर्ची जागच्या जागी वळवायची, चाक जिथे जिथे जाईल तिथे वडिलांनी खूण करायची आणि मी मोजायचे, असे ठरले. पहिल्या वेळी चाक कढीपत्त्याच्या आळ्यात अडकले. यजमान म्हणाले, "हद्द... ओलांडली." दुसऱ्या वेळी सिस्टरनी हळू, न थांबता पूर्ण फेरी घेतली. वडील वाकून खडूने खुणा करत मागे मागे सरकत होते. फाटकाबाहेर टेलरकाका मशीन थांबवून येऊन उभे होते. ते म्हणाले, "टेप सरळ धरा, झोळ येऊ देऊ नका." वडील त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "माहीत हाय."

मी दोन टोकांमधले अंतर दोनदा घेतले आणि वहीत लिहिले. रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजून पाच मिनिटे. खुर्ची पूर्ण वळण्यास लागलेली जागा : चार फूट अकरा इंच.